लग्नाच्या फोटोंचा भाव कसा ठरवावा: नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन! हप्त्यावर कॅमेरा घेतलात, इन्स्टाग्रामवर नावापुढे 'फोटोग्राफी' लावलंत. तुळशीचं लग्न लागलं की तुमचाही सीझन सुरू. आता फक्त दर ठरवायचा राहिला. घाबरू नका, हा दर तुम्हाला सोडून बाकी सगळे ठरवतात.

१. खर्चाची वही मिटून ठेवा. शुभकार्याआधी अशुभ आकडे पाहू नयेत. गावातला दुसरा फोटोग्राफर काय घेतो ते काढा आणि दोन हजार कमी सांगा. तोही तुमचा दर काढून दोन हजार उतरेल. अशा चार फेऱ्यांनंतर जो आकडा उरतो, त्याला 'मार्केट रेट' म्हणतात.

२. २४,९९९ लिहू नका, तुमचं काही चपलांचं दुकान नाही. २५,००१ लिहा. घासाघीस होऊन १८,००१ वर आलात, तरी वरचा रुपया सोडू नका. नफा तोच आहे.

३. तीन पॅकेज करा. सिल्व्हरमध्ये ट्रॅडिशनल फोटो-व्हिडिओ, गोल्डमध्ये कॅन्डिड, प्लॅटिनममध्ये ड्रोन, प्री-वेडिंग आणि टीझर. गिऱ्हाईक प्लॅटिनम मोठ्याने वाचतं, गोल्डवर बोट ठेवतं आणि सिल्व्हरचे पैसे सांगतं. तुम्ही "बघतो" म्हणा. ठरलं.

४. ओळखीच्यांचा दर वेगळा ठेवा. "अरे, घरचंच कार्य आहे" असं काका म्हणाले की वाद घालू नका. केटरर ताटामागे पैसे घेतो, हॉलवाला जादा वेळेचे लावतो, बँडवाला आगाऊ मोजून घेतो. म्हणजे अख्ख्या कार्यात घरचे तुम्ही एकटेच! "जेवून जा हं" हा मोबदल्याचाच भाग समजा. मठ्ठ्याची वाटी ओठाला लावली की मांडवातून हाक येईल, "ओ फोटोवाले! घास भरवतायत!" वाटी खुर्चीखाली ठेवा आणि पळा. परत याल तेव्हा वाटी नसेल, खुर्चीही नसेल.

५. "फक्त हळदच आहे, दोन तासांचं काम" याला लगेच होकार द्या. तीनची हळद मामा आल्यावर, म्हणजे साडेपाचला सुरू होते. मग कुणीतरी करवली प्रेमाने तुमच्याही गालाला हळद लावेल आणि त्याच हाताने "बघू बघू" म्हणत लेन्स धरेल. लेन्सच्या खाचांतली हळद पुढच्या मुंजीपर्यंत निघत नाही. तिचे पैसे मागू नका, शकुन आहे तो.

६. बाकी रक्कम "अल्बम आला की" घ्यायची. अल्बमसाठी चार हजारांतून दीडशे फोटो निवडायचे असतात आणि ते नवरानवरीने निवडायचे असतात. वाट पाहा. पुढचा फोन येईल तो बारशाचा: "याच, तेव्हाच सगळा हिशोब मिटवू. आणि हो, कॅमेरा आणा."

७. लेखी करार मागून मूड घालवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो काढून घेणारा. तेव्हा पोर्टफोलिओत लावायलाही परवानगी मागा. वहिनींना त्या फोटोत आपण जाड दिसतो असं वाटलं, तर मिळणार नाही.

सातही धडे पाठ झाले असतील, तर आता ती मिटलेली वही उघडा. निकॉन झेड ६ चं शटर दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, असं कंपनी सांगते. लग्नाला चार हजार क्लिक धरले, तर पन्नास लग्नं. कॅमेरा दोन लाखांचा धरला, तर क्लिकला एक रुपया आणि लग्नाला चार हजार रुपये, नुसतं बोट दाबण्याचे. मदतनीस, पेट्रोल, हार्ड डिस्क, अल्बमची छपाई आणि रात्री जागून केलेलं एडिटिंग अजून यात आलेलंच नाही.

हा हिशोब गिऱ्हाईक करणार नाही. ते त्याचं काम नाही.