अकरा महिन्यांचा वसईचा तह

वसईत वन बीएचके भाड्याने घ्यायचा असेल तर आधी इतिहास वाचून जावं. मालक वाचूनच बसलेले असतात. गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने 1534 मध्ये पोर्तुगिजांना वसई देऊन टाकली. पार्टी चांगली वाटली असणार; देवाधर्माची माणसं, गाठीला पैसा. तीन वर्षांत दीवच्या समुद्रात मालकाचाच जीव गेला आणि पार्टी 205 वर्षं हलली नाही. जागा खाली करून घ्यायला 1739 मध्ये थेट पुण्याहून चिमाजीअप्पांना यावं लागलं. चर्चच्या घंटा तेवढ्या मागे राहिल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे म्हणतात. फिटिंग सोडून जायचं, ही अट तेव्हापासूनची असावी. एवढं सोसल्यावर घरमालक अकरा महिन्यांच्या वर सही कशाला करेल?

आम्ही पाहिलेली जागा किल्ल्याजवळची. एजंटने आधी 'हेरिटेज एरिया' सांगून भाडं वाढवलं, मग घर दाखवलं. स्टेशन पाच मिनिटांवर; कशात बसून, ते विचारायचं नाही. बेडरूममध्ये पलंग मावतो, पण मग दार बंद होत नाही. किचनमध्ये ओट्याच्या जागेत निम्मा निळा पिंप. एजंटने त्यावर जावयाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. "टँकर येतो ना काका! पिंप मालकाचा आहे, त्याचं वेगळं भाडं नाही."

करारनाम्याचा मसुदा वाचताना मला दुसऱ्या बाजीरावांची फार आठवण झाली. हडपसरला होळकरांकडून मार खाऊन ते डोक्यावर छप्पर शोधत इथेच आले आणि 31 डिसेंबर 1802 ला त्यांनीही समोर आलेल्या कागदावर सही केली. इंग्रजांचे 6,000 शिपाई आपल्या पदरी ठेवायचे, त्यासाठी 26 लाखांचा मुलूख द्यायचा, दुसरा युरोपियन दारात उभा करायचा नाही, आणि कुणाशी भांडायचं तर कंपनीला विचारून. माझ्या कागदावर वॉचमनचा पगार मेंटेनन्समधून माझ्याकडे, पाहुणा रात्री थांबणार नाही, खिळा ठोकायचा तर मालकाला विचारून. फरक एवढाच, की बाजीरावांना मासे तळायला कुणी मनाई केली नव्हती. इथे खाली पाचूबंदरला बोंबील वाळताहेत, त्यांचा वास तिसऱ्या मजल्यावर फुकट येतो, आणि सोसायटी 'ओन्ली व्हेज'!

नोंदणीचा विषय निघाला तेव्हा एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांना लागत नाही." 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हे मी ऐकवल्यावर एजंटने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बॅचलर आहे.

मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागितलं. हौस म्हणून नव्हे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, त्यांत संसार थाटले गेले, आणि न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडून झाल्या. बांधणाऱ्याला त्या चढवताना कुणी पाहिलं नाही. पाडताना मात्र सगळ्या खात्यांना पत्ता बरोबर सापडला. वसई कुणाकडून कुणाकडे कधी गेली, त्याचे कागद सालासकट मिळतात. दहा वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगचा कागद विचारला की लोकांची स्मृती जाते.

"ओसी कशाला हवी काका? समोरचा किल्ला बघा, किती शे वर्षं उभा आहे. त्याची ओसी आहे का?"

त्याला छप्परही नाही, हे मी बोलणार तोवर त्याने मोबाईल पुढे केला. "टोकनचं काय करताय, गुगल पे की कॅश? खाली दोन पार्ट्या उभ्या आहेत, त्या काही विचारत नाहीत."