दोन गावं, एक बिऱ्हाड: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

टस्कनीच्या किनाऱ्याला बिऱ्हाड थाटायचं एवढं ठरलं असेल, तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पिसा की लिवोर्नो, आणि इथेच भलेभले गारद होतात. नकाशावर दोन्हींत जेमतेम 20 किलोमीटर. आगगाडी पाव तासात नेऊन सोडते. त्यामुळे नवख्याला वाटतं, कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो? हे वाक्य दोन्ही गावांत कुणासमोर उच्चारू नये. खरं ठरवायचं असतं ते हे, की उरलेल्या आयुष्यात नावं कुणाला ठेवायची. हवा, पाणी, भाडं हे सगळं त्यानंतर.

आरंभ म्हणीपासून करावा. लिवोर्नोकर म्हणतात, घरात मढं परवडलं, पण दारात पिसाकर नको. जुन्या काळी पिसाचा माणूस दारात आला की तो वसुलीलाच आलेला असायचा, असं या म्हणीचं मूळ सांगतात. यावर पिसाकरांचं उत्तर ठरलेलं आहे: देव तुमची इच्छा पुरी करो. दोन्ही वाक्यं आरशासमोर म्हणून बघा. पहिलं म्हणताना आवाज आपोआप चढत असेल तर तुम्ही लिवोर्नोचे. दुसरं म्हणताना ओठांवर थंड हसू येत असेल तर पिसाचे. दोन्ही सारख्याच सपाट आवाजात म्हणत असाल, तर तुम्ही भाड्याने घर घेण्याच्या लायकीचे नाही, हॉटेलात उतरा.

आता घरं बघायला निघा. पिसात जाताना खिशात गोटी असू द्यावी आणि प्रत्येक खोलीत फरशीवर सोडून बघावी. जमीन मऊ आहे. जगप्रसिद्ध मनोरा 1173 मध्ये बांधायला घेतला आणि तिसरा मजला चढतो न चढतो तोच तो कलू लागला. तो एकटा पडू नये म्हणून की काय, सान निकोला आणि सान मिकेले देली स्काल्त्सी या चर्चचे मनोरेही कललेले आहेत. 1990 मध्ये मोठा मनोरा लोकांसाठी बंद केला, उत्तरेकडच्या बाजूखालची माती बेताबेताने काढली, कल सुमारे अर्ध्या अंशाने उतरवला आणि डिसेंबर 2001 मध्ये पुन्हा उघडला. तो पार सरळ करायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. उत्पन्नाला धक्का न लावता दुरुस्ती करणाऱ्या या गावाशी भाड्याची घासाघीस करायची आहे, हे ध्यानात ठेवा. त्यातून विद्यापीठ 1343 पासूनचं. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास आणि विद्यार्थी 40 हजारांच्या वर. घरमालकाला भाडेकरूची ददात नाही.

पिसात आर्नो नदीच्या काठची खोली मिळत असेल तर मराठी माणसाने थोडे जास्त पैसे टाकायला हरकत नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. त्यांचं दहन याच आर्नोच्या काठी, मुग्नोने नदीच्या संगमावर झालं, आणि तीच आर्नो पुढे पिसातून समुद्राला मिळते. घरमालकाला हे जरूर सांगा. भाडं कमी होणार नाही.

लिवोर्नोत गोटीची गरज नाही. तिथे उपयोगी पडेल ती गेंड्याची कातडी. हे गाव मुळात पिसाच्याच अमलाखालचं एक किरकोळ बंदर. पुढे जिनोआच्या ताब्यात गेलं आणि जिनोआने ते 1421 मध्ये एक लाख फ्लोरिनना फ्लॉरेन्सला विकून टाकलं. 1591 आणि 1593 मध्ये मेदिची घराण्यातल्या फर्दिनांदोने फर्मानं काढली: कुठल्याही देशाच्या, कुठल्याही धर्माच्या व्यापाऱ्याने यावं, जुनी कर्जं आणि बरेचसे गुन्हे माफ. ज्यू, आर्मेनियन, ग्रीक, इंग्रज असे सगळे आले, आणि ज्यूंना वेगळ्या कोंडवाड्यात राहावं लागलं नाही, हे त्या काळी अपूर्वच. थोडक्यात, शेजाऱ्याने कुलवृत्तांत काढला तर आपण आपला काढायचा नाही, एवढं पथ्य लिवोर्नोकराला जन्मतः ठाऊक असतं. याच फर्दिनांदोचा पुतळा बंदराजवळ आहे, पायाशी साखळदंडातले चार मूर. चौघांचीही नाकं एकदम दिसतात अशी जमिनीवर एकच जागा आहे म्हणतात. ती कुणाला न विचारता सापडली तर घराची अनामत भरून टाका.

गाव दिसायला देखणं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जुना मध्यभाग बराचसा जमीनदोस्त झाला. मोठाल्या बोटींतून उतरलेले पर्यटक बसमध्ये बसून थेट फ्लॉरेन्सला नाहीतर, अरेरे, पिसाला जातात. ही जखम ओली आहे, तिच्यावर बोट ठेवू नये.

त्याऐवजी 1984 चा उन्हाळा आठवावा. चित्रकार आणि शिल्पकार मोदिल्यानी हा लिवोर्नोचा पोर, जन्म 1884 चा. मित्रांनी हसण्यावारी नेली म्हणून त्याने आपली काही शिल्पं कालव्यात फेकली, अशी गावात आख्यायिका होती. शंभरीच्या निमित्ताने संग्रहालयाने कालवा उपसायला घेतला आणि खरोखरच तीन दगडी मुंडकी वर आली. मोठमोठ्या कलासमीक्षकांनी अस्सल म्हणून शिक्का मारला. मग तीन कॉलेजकुमार पुढे आले: त्यातलं एक आम्ही केलंय, विजेच्या ड्रिलने. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी आणखी एक कोरून दाखवलं. उरलेली दोन गोदीत काम करणाऱ्या एका कलावंताची निघाली. हा किस्सा ऐकून तुम्हाला त्या समीक्षकांची कणव आली, तर पिसात राहा. तिथे प्राध्यापक भरपूर आहेत, तुमचं जमेल.

लिवोर्नोत राहायचं ठरलंच तर 'इल वेर्नाकोलिएरे' हे व्यंगपत्र ठाऊक असायला हवं. चेर्नोबिल झालं तेव्हा त्याचा मथळा असा होता, की किरणोत्सर्गाचा पहिला भयंकर परिणाम दिसला, एक हुशार पिसाकर जन्माला आला. गावातल्या भिंतींवरही पिसाच्या नावापुढे एक छोटा शब्द वारंवार लिहिलेला दिसेल. तो शब्दकोशात बघू नका, अंदाज बरोबर आहे.

समुद्राचा प्रश्न उरला. पिसा एके काळी बलाढ्य आरमारी सत्ता होती. 1284 मध्ये मेलोरियाच्या लढाईत जिनोआने तिचं कंबरडं मोडलं, आणि पुढे आर्नोच्या गाळाने किनाराच दूर लोटला. मेलोरियाचे खडक आज लिवोर्नोसमोरच आहेत, कुणीही बोट दाखवून सांगेल. दान्तेने तर कप्राया आणि गोर्गोना या बेटांनी सरकून आर्नोचं मुख बुजवावं आणि पिसातला माणूस न् माणूस बुडावा, असा शाप दिला आहे. दोन्ही बेटं सध्या लिवोर्नो जिल्ह्यात मोडतात. सरकवण्याचा प्रस्ताव अजून आलेला नाही, तरी पिसात तळमजला घेताना विचार करावा.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. लिवोर्नोत काच्चुक्को हा माशांचा झणझणीत रस्सा आणि त्यावर रम घातलेली पोंचे नावाची कॉफी मिळते. पिसाकडे याला तोड नाही, हे पिसाकर खाजगीत मान्य करतात. चण्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं धिरडं मात्र दोन्हीकडे अगदी एकच. पिसात त्याला चेचीना म्हणतात, लिवोर्नोत तोर्ता. फरक आहे असं ठणकावून सांगा आणि गुमान खा.

शहाण्या वाचकाला एव्हाना मधला मार्ग सुचला असेल. दोन्हींच्या मध्ये किनाऱ्यावर तिरेनिया आहे, वाळू आहे, पाइनची झाडं आहेत. हा मोह आवरा. 1930 च्या दशकात तिथे चित्रपटांचा स्टुडिओ निघाला आणि सलोख्याच्या उमाळ्यात दोन्ही गावांची नावं जोडून त्याचं बारसं झालं: पिसोर्नो. तो बुडाला. पुढे निर्माते कार्लो पाँती यांनी घेतला आणि त्याचं नाव बदललं.

एवढं करूनही मन ठरत नसेल तर दोन्ही सोडून लुक्काला जा. पिसाहून गाडीने अर्ध्या तासावर, शाबूत तटबंदी, तटावर झाडांखालून फिरायला रुंद रस्ता, माणसं शांत, व्यापारी, मोजकं बोलणारी. सामान लागलं की शेजारी चौकशीला येतील. दारातला पिसाकर आणि घरातलं मढं ही म्हण मूळ आमचीच, लिवोर्नोवाल्यांनी ढापली, असं ते पहिल्याच भेटीत सांगतील.