गार हवेचा लातूर पॅटर्न

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगरात उभं राहून शिकवण्यांचे फलक वाचावेत. गुणवंतांचे फोटो, त्यांच्या गुणांचे आकडे आणि खाली ठळक ग्वाही : 'संपूर्ण वातानुकूलित वर्ग'. खिडक्यांचा उल्लेख कुठेच नसतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. गार हवा म्हणजेच चांगली हवा, यावर संचालक, पालक आणि विद्यार्थी यांचं एकमत आहे. भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत देतो, एवढी बारीक बाब माहितीपत्रकात मावत नाही. त्यामुळे पहिल्या बाकावरचा श्वास फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत सगळे वापरतात. फी मात्र प्रत्येकाने वेगळी भरायची.

या कारभाराचा हिशेब त्याच वर्गात शिकवला जातो. अकरावीच्या जीवशास्त्रात श्वसनाचा धडा आहे : एका श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा, मिनिटाला १२ ते १६ श्वास. उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड. कमीत कमी १२ श्वास धरले तरी एक विद्यार्थी तासाला १४ लिटर वायू सोडतो. तीस बाय तीस फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत शंभर मुलं कोंबून दारं-खिडक्या लावल्या, तर तासाभरात त्याचं प्रमाण साडेपाच हजार पीपीएमवर जातं. फटींना आणि उघडझाप करणाऱ्या दाराला मान देऊन निम्मं धरू. तरी अडीच हजारांच्या पुढे. बाहेर हाच आकडा ४२०च्या आसपास असतो. हजाराच्या वर खोलीची हवा बिघडली असं समजावं, हे म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ सालीच मांडलं होतं. हार्वर्डच्या संशोधकांच्या २०१५च्या प्रयोगात चौदाशे पीपीएमला निर्णयक्षमतेचे गुण जवळपास निम्म्यावर आले. प्रयोग चोवीसच जणांवर होता, हे खरं. पण जिथे एक उत्तर चुकलं की एक गुण वजा होतो, त्या परीक्षेची तयारी अशा हवेत करून घेण्याचं धाडस कौतुकास्पद आहे. 'निकाल तर लागतोय ना?' असं कोणी विचारेल. लागतो. फलकावर फोटो लागतात ते निकालाचे. चौथ्या तासाला पेंगणाऱ्यांचे फोटो कोणी लावत नाही.

आक्षेप येतो धुळीचा. खिडकी उघडली की रस्ता आत येतो, आणि २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूरचं नाव आहे. नांदेडचं नाही; पण नांदेडकरांनी पेढे वाटू नयेत, कारण ती यादी बाहेरच्या हवेची आहे. आतल्या हवेची यादीच नसल्यामुळे आतली हवा सरकारदरबारी निर्दोष ठरते. धूळ अडवायला फिल्टर मिळतात. वापरलेली हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट पंखा आणि ताजी हवा आत यायला वाट, एवढंच लागतं. दुसरा आक्षेप मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांचा. तो मान्य. म्हणून एसी बंद करा असं इथे कोणी म्हणत नाही. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं दारं सताड उघडली तर वीजबिल काही आभाळाला भिडत नाही. काही ठिकाणी उपाय म्हणून टेबलावर मनीप्लांट ठेवलेला असतो. हवेतली बाष्पशील रसायनं हटवण्याचं खिडकीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा २०१९च्या एका आढाव्याचा निष्कर्ष आहे. मग मुलं बसणार कुठे?

वर्ग सुटल्यावर मुलगा भाड्याच्या खोलीवर येतो, डास येऊ नयेत म्हणून खिडकी लावतो आणि कॉईल पेटवतो. एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३च्या एका अभ्यासात आढळलं. पोराच्या खिशात एक सिगारेट सापडली तर रात्रीच्या एसटीने लातूर गाठणारा बाप महिन्याच्या सामानात कॉईलचा पुडा आठवणीने बांधून देतो. मच्छरदाणी जुनाट दिसते, हा तिचा एकमेव दोष.

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. हवेला डबे जोडावे लागत नाहीत, ती भिंतीपलीकडे उभीच आहे. तेव्हा पालकहो, यंदा प्रवेश घेताना निकालाचा फलक जरूर वाचा; पण पहिला हप्ता भरण्याआधी वर्गाची खिडकी उघडते का, हे स्वतःच्या हाताने ढकलून पाहा.