सगळ्या हवामानाचं ग्रीस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ग्रीस बनवण्याच्या धंद्यात पडायचं ठरवलंच असेल, तर एक आधीच सांगून ठेवतो. लग्नाकार्यात कुणी ‘सध्या काय करता?’ असं विचारलं, की ‘वंगण’ एवढंच सांगावं. पुढचा प्रश्न येत नाही. चुकून आलाच, तर विचारणारा मिस्त्री आहे आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं समजून चालावं.

पहिली ऑर्डर साधारण अशी येते: “साहेब, उणे ४० ते अधिक १५०ला चालेल असं द्या. एकच बकेट सगळीकडे लावायचीय. आणि रेट मात्र साध्या लिथियमचाच हं.” नवशिका इथे वही काढतो आणि ४० आणि १५० टिपून घेतो. टिपू नये. हे आकडे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यावरून उतरवलेले असतात आणि त्यांचा कारखाना असतो बारामतीला. आपण विचारायचं ते असं: बेअरिंग कुठलं, फिरतं किती, वजन किती पेलतं, पाणी लागतं का, आणि थंड असताना सुरू करायचं की एकदा सुरू झाल्यावर थांबतच नाही. उत्तर येईल, “सगळ्यालाच लागतं हो.” कपाळाला हात लावायचा तो फोन ठेवल्यावर.

शिकण्यापुरतं एक खरं काम घेऊ: ट्रकच्या पुढच्या चाकाचा हब. हिवाळ्यात द्रासला रात्रभर उभा असलेला ट्रक पहाटे निघतो तेव्हा बाहेर उणे २० असणं यात नवल नाही. दुपारी तोच ट्रक घाट उतरतो, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतो, ड्रम तापतो आणि ती धग हबमधून बेअरिंगपर्यंत जाते. १०० अंश सहज ओलांडले जातात. म्हणजे दोन्ही टोकं एकाच दिवसात, एकाच मूठभर ग्रीसच्या वाट्याला. बेअरिंगला हवामान खात्याचा अंदाज कळत नाही. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले तेव्हा देशभर बातमी झाली, पण हबच्या हिशेबात ५१ म्हणजे गारवाच. तिथली उष्णता ब्रेकमधून येते, वजनातून येते आणि बऱ्याचदा नको तितक्या भरलेल्या ग्रीसमधूनही येते.

आता तेल. ग्रीसमध्ये ७० ते ९५ टक्के तेलच असतं. उरलेला साबण ते जागेवर धरून ठेवतो. हा साबण खराच साबण असतो, चरबीतल्या आम्लाचा आणि अल्कलीचा, फक्त त्यानं कुणी आंघोळ करत नाही. भांडण सगळं तेलात आहे. थंडीला पातळ तेल हवं, नाहीतर रोलर फिरायचा सोडून घट्ट तेलातून नुसता सरपटत जातो. उष्णतेला जाड तेल हवं, नाहीतर दोन पोलादी पृष्ठभागांमधला पडदा फाटतो आणि पातळ तेल हळूहळू उडूनही जातं. तापमान बदललं की तेलाची जाडी किती बदलते, ते मोजायला डीन आणि डेव्हिस या दोघांनी १९२९ मध्ये एक निर्देशांक मांडला. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० गुण, गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. तेव्हा माहीत असलेल्या तेलांतलं सर्वांत गुणी आणि सर्वांत वाया गेलेलं, असा त्याचा अर्थ. आजचं साधं मिनरल तेल ९५च्या आसपास असतं. पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे धंद्यातल्या भाषेत ‘पीएओ’, १३०च्या घरात जातं. शिवाय त्यात मेण नसतं. मिनरल तेल उणे १०-१५ला गोठू लागतं ते मेणामुळे. पीएओ उणे ५०च्या खालीही वाहतं.

इथेच ग्राहकाच्या ‘साध्या लिथियमच्या रेट’चा अंत होतो, कारण पीएओची किंमत मिनरलच्या कितीतरी पट. मग नवशिक्याला युक्ती सुचते: थोडं पीएओ, बाकी मिनरल, आणि बकेटवर ‘सिंथेटिक’ मोठ्या अक्षरात, ‘सेमी’ बारीक अक्षरात. खपायला हरकत नाही, पण द्रासला मिनरलमधलं मेण आपला हट्ट सोडत नाही. शुद्ध पीएओ घ्यावं तर त्याचीही खोड असते. त्यात साबण नीट बसत नाही, जास्त घालावा लागतो, आणि रबरी सील आकसतात. एस्टर तेल साबणाला सामावून घेतं, पण सील फुगवतं. म्हणून पीएओमध्ये दहाएक टक्के एस्टर घालतात, म्हणजे दोघांचे दोष एकमेकांत जिरतात. पत्रिका जुळवतात तसंच हे. सिलिकॉन तेलाच्या मोहात मात्र पडू नये. त्याचा निर्देशांक पाहून जीव हरखतो, पण पोलादावर पोलाद आणि वर वजन असलं की ते हात टेकतं. शिवाय त्याचा अंश रंगकामाच्या खात्यात पोचला, तर गाडीच्या पत्र्यावर रंगाला खड्डे पडतात आणि तुम्हाला गेटवरूनच परत पाठवतात.

साबणाचं आधी थोडं वंशवर्णन. जुनं कॅल्शियम ग्रीस पाण्याला पक्कं, पण त्याची वीण थोड्या पाण्याच्या आधारानेच टिकते. ९५-१०० अंशांना ते पाणी निघून जातं आणि तेल एकीकडे, साबण दुसरीकडे. सोडियमचं ग्रीस उष्णतेला टिकतं, पण पावसाळ्यात धुऊन जातं. दोन्ही झेलणारं लिथियम साबणाचं ग्रीस क्लॅरेन्स अर्ल याच्या अमेरिकी पेटंटांमधून १९४२ मध्ये पुढे आलं. तापलेल्या धावपट्टीवरून उठून थोड्या वेळात गोठवणाऱ्या उंचीवर जाणाऱ्या युद्धविमानांना नेमकं तेच हवं होतं. आज त्यातलं आम्ल येतं एरंडेलातून. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून निघणारं १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल म्हणजे बाजारातलं ‘एचएसए’, आणि एरंडीच्या पिकात जगात पहिला नंबर भारताचा, त्यातही गुजरातचा. लहानपणी ज्यांना नाक दाबून एरंडेल पाजलं गेलं, त्यांनी एखादा ट्रक सुरळीत जाताना पाहून समाधान मानायला हरकत नाही. लिथियमची बाजू मात्र तितकी सुखाची नाही. बॅटरीवाल्यांनी २०२१-२२ मध्ये लिथियम हायड्रॉक्साइडचे भाव असे चढवले, की ग्रीसवाले कॅल्शियम सल्फोनेटची चौकशी करू लागले. भाव पुढे उतरले, चौकशी चालूच आहे.

साधं लिथियम साधारण १९० अंशांना थेंब सोडतं. आपल्याला १५०पर्यंत जायचंय, म्हणून एचएसएच्या जोडीला अझेलाइक आम्ल घेऊन ‘लिथियम कॉम्प्लेक्स’ करायचं. त्याचा थेंब २६०च्या आसपास पडतो. या थेंबाच्या आकड्याबद्दल पुढे भांडायचंय, तो लक्षात ठेवा.

आता केटल. १०० किलो एचएसएला सुमारे १४ किलो लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट लागतं. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, अंदाजाचा नाही. अझेलाइकचा हिशेब वेगळा. हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा आणि रबरी हातमोजे घालायचे, यात विनोद नाही. केटलमध्ये काही तेल आणि एचएसए घेऊन ८०-९० अंशांवर वितळू द्यावं, मग गरम पाण्यात विरघळवलेलं हायड्रॉक्साइड थोडं थोडं सोडावं. थोडं थोडं हे शब्द नवशिका वाचतो आणि विसरतो. एकदम ओतलं की फेस उठतो, केटलच्या काठावर येतो, क्षणभर विचार करतो आणि उतरतो. त्यानंतर बॅचचं वजन दोन ठिकाणी करावं लागतं, एक केटलमध्ये आणि एक फरशीवर. म्हणून केटल निम्म्याहून जास्त भरू नये, आणि फेस बसेपर्यंत कुणी हलू नये, चहाला तर मुळीच नाही.

मग हळूहळू तापवत पाणी घालवायचं. आत तडतड चालू असते. ती थांबली की पाणी गेलं. त्यानंतर अझेलाइकची फेरी, तिला वेळ द्यावा लागतो. मग तापमान २०० अंशांपर्यंत. इथे एक दृश्य येतं, ते आधी माहीत असलेलं बरं. तासभर दाट, मळकट, ढवळायला जड असलेला माल अचानक पातळ आणि जवळजवळ पारदर्शक होतो. काय झालं हे न कळल्यामुळे नवशिका साबण वाढवायला धावतो. काही बिघडलेलं नसतं. साबण विरघळलाय, इतकंच. ग्रीस खरं तयार होतं ते यानंतर, थंड होताना. राखून ठेवलेलं उरलेलं तेल ओतायचं आणि तापमान उतरवायचं. उतरण्याच्या वेगावर साबणाचे तंतू लांब होणार की आखूड, हे ठरतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पीळ घातलेल्या दोरखंडांचं जाळं दिसतं. तेल त्या जाळ्यात अडकून राहतं आणि बेअरिंगला लागेल तसं पाझरतं. रात्रपाळीला लवकर घरी जायचं असतं म्हणून केटलभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड पाण्याचा नळ पूर्ण उघडणारे कारागीर असतात. सकाळी प्रयोगशाळेत त्यांचं नाव निघतं. शेवटी माल मिलमधून काढायचा. जाताना सैलसर दिसलेलं ग्रीस बाहेर येतं ते घट्ट आणि चकचकीत होऊन. ८० अंशांच्या खाली आल्यावर गंजरोधक, ऑक्सिडेशन रोखणारं, जास्त वजन पेलणारं सल्फर-फॉस्फरसचं मिश्रण, जे जे ठरलंय ते घालावं.

एका मिश्रकाबद्दल थांबून बोलायला हवं. ग्राहकाकडे नमुना गेला, की तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर घेतो, बोटं मिटतो, उघडतो आणि बघतो तार किती सुटते. तार लांब, तर माल भारी. ही कसोटी कुठल्याही मानकात नाही आणि सगळीकडे चालते. तार सुटावी म्हणून पॉलिआयसोब्युटिलीन घालतात. द्रासच्या पहाटे तीच तार आखडते आणि सेल्फ स्टार्टरपेक्षा हबच आधी हट्टाला पेटतो. जरूर असेल तेवढंच घाला, आणि नमुना दाखवताना स्वतःच बोटं मिटून दाखवा, म्हणजे तार तुम्हाला हवी तेवढीच दिसेल.

आता चाचण्या. पेनिट्रेशन पहिली: १५० ग्रॅमचा कोन, २५ अंशांवर, ६० वेळा घुसळलेल्या ग्रीसवर ५ सेकंद सोडायचा आणि किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. २६५ ते २९५ म्हणजे ‘२ नंबर’. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या एनएलजीआय या संस्थेच्या या नंबरांची रांग ००० पासून ६ पर्यंत जाते आणि ती फक्त घट्टपणा सांगते. तरी ‘३ नंबर’ म्हणजे ‘२ नंबर’पेक्षा उच्च प्रतीचा, अशी समजूत सर्वत्र आहे. ती मोडायला जाऊ नका, धंदा बुडेल.

ड्रॉपिंग पॉइंट म्हणजे तोच मघाचा थेंब. २६० आला की विक्रेता ‘२६० डिग्री टेम्परेचर’ असं छापतो. २६०ला जे होतं, ते ग्रीसचं विघटन असतं. त्याखाली कितीतरी आधी तेल ऑक्सिडाइज होऊन काळं पडतं. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, असा बेअरिंगवाल्यांचा ठोकताळा आहे. १५०ला किती उरतं ते पाटीवर मांडून पाहा. आणि खालच्या टोकासाठी घरच्या फ्रीजरमध्ये वाटी ठेवून बोटानं दाबून बघू नका. तिथे उणे १८ असतं आणि बोट म्हणजे बेअरिंग नव्हे. उणे ४०ला बेअरिंग थंड करून मिनिटाला एक फेरा या वेगानं फिरवतात. सुरुवातीला किती जोर लागला आणि तासाभरानं किती, हे दोन्ही मोजतात. पहिला आकडा ड्रायव्हरचा, दुसरा मालकाचा.

सगळं पार पडलं, तर जर्मन पद्धतीनं बकेटवर ‘केपी २ एन-४०’ असं लिहिता येतं. के म्हणजे बेअरिंगसाठी, पी म्हणजे जास्त दाब पेलणारं, २ म्हणजे घट्टपणा, एन म्हणजे वर १४० अंश आणि शेवटी उणे ४०. ग्राहकाला हवे होते १५०. दहा अंश कुठे गेले, असं तो विचारेल. एनच्या पुढचं अक्षर पी, ते १६०चं, आणि मध्ये काही नाही.

माल गेला की मिस्त्रीचा ताबा सुरू होतो. तो हब काठोकाठ भरतो, कारण कमी भरलं तर मालक ओरडतो. भरलेलं ग्रीस आत घुसळत राहतं, तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मं पुरे, हे मराठीत, हिंदीत आणि चित्रात बकेटच्या झाकणावर छापावं. जुनं ग्रीस पुसून काढावं, असंही. मातीच्या, म्हणजे बेंटोनाइटच्या ग्रीसवर लिथियम कॉम्प्लेक्स चढवलं, तर दोन्ही चांगली ग्रीस मिळून एक ओघळणारं काहीतरी होतं आणि फोन तुम्हालाच येतो.

तो फोन आलाच, तर स्वतः जावं, हब उघडून पाहावा, बाहेर आलेलं पुसून फोटो काढावा. सगळं ठीक असलं, तर मालक चहा मागवतो आणि सांगतो, “माल चांगलाय तुमचा. फक्त पुढच्या वेळी निळा द्या. निळा जास्त टेम्परेचर सोसतो म्हणतात.” वाद घालू नये. रंग तेलात विरघळणारा घ्यावा आणि तोही ८० अंशांच्या खाली, शेवटच्या फेरीत घालावा. पाण्यात विरघळणारा घातला, तर पावसाळ्यात हबच्या खालचा सगळा रस्ता निळा होतो.