हौशी मुखरेखाटक

हौशी मुखरेखाटक साधारण चाळिशीत उदयाला येतो. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मिळालेली ‘ए’ ग्रेड नोकरी, कर्ज आणि मुलांचे क्लास यांत धूळ खात पडलेली असते. एके दिवशी तो ४बी, ६बी पेन्सिली आणि जाड कागदाची वही आणतो आणि कामाला लागतो. फोटोवर चौकटी आखून चेहरा उतरवणाऱ्यांना तो चित्रकार मानत नाही.

त्याचा सराव चालतो लोकलमध्ये. समोर झोपलेला प्रवासी हे आदर्श मॉडेल: फुकट आणि हरकत न घेणारे. हात ताणून, एक डोळा मिटून तो पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतो. वापरत मात्र नाही. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, हे त्याला पाठ आहे. तरी ते कपाळावर चढतातच. माणूस समोरच्याचे डोळे, नाक, तोंड पाहतो, टाळू हिशेबात धरत नाही. परिणामी वहीतल्या कुणालाच मेंदू ठेवायला जागा उरत नाही.

पहिला डोळा अप्रतिम उतरतो. पापणीची जाडी, बुबुळावरचा चमकता ठिपका, सगळे जागच्या जागी. त्यातच दादर ते ठाणे संपते. दुसरा डोळा पहिल्याशी जुळेपर्यंत खोडरबराने कागद फाटायला येतो. म्हणून मुरलेला रेखाटक तिथे केसांची बट सोडतो, नाहीतर चेहरा सरळ एका बाजूने काढतो.

रविवारी तो जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर फूटपाथवरच्या चित्रकारामागे उभा राहतो. तो चित्रकार आधी डोक्याचा आकार, मग मानेचा कल आणि सावल्यांचे मोठे डाग मांडतो. डोळ्यांना शेवटी हात घालतो. हा ते सगळे पाहतो आणि पेन्सिल कोणत्या कंपनीची, तेवढे वाचून घरी येतो.

चित्रे कुणाचीही असोत, दिसतात एकाच कुळातली, आणि ते कूळ खुद्द रेखाटकाचे असते. चित्रकार नकळत स्वतःलाच रंगवतो, असा इशारा लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे. आपला दोष थोरामोठ्यांच्या पंगतीतला आहे, एवढेच हा त्यातून उचलतो.

नातेवाइकांना मात्र सुटका नसते. साठीला जावयाकडून मिळालेले चित्र सासरे चष्मा पुसून पाहतात.

“कुणाचं हो हे?”

“तुमचंच की, बाबा.”

चित्र दिवाणखान्यात लागते. पाहुण्यांना ते सासऱ्यांच्या वडिलांचे म्हणून दाखवले जाते.