जिते करार

आमच्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या समन्वय समितीची बैठक जित्याला भरते, कारण जित्यात कोणाचाच क्लब नाही. पेणला बोलावली तर रोहेकर येत नाहीत. रोह्याला बोलावली तर पेणकर 'बघतो' म्हणतात, आणि आमच्या भागात 'बघतो' हा नकार असतो. नागोठणं दोघांच्या मध्ये आहे खरं, पण मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात हे नागोठण्याच्या अध्यक्षांना सोयरिकी जुळवताना कळून चुकलं आहे. तेव्हा पनवेलहून रोह्याकडे येताना आपटा सोडलं की लागणारं जितं ठरलं. इथे मेमू थांबते; लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी इथलाच. मला मोटारसायकल चालवता येते, पळवता येत नाही. हा माणूस कधी कोणाच्या पुढे जाणार नाही याची चारही क्लबांना खात्री पटली आणि सचिवपद एकमताने माझ्या गळ्यात पडलं. समितीच्या इतिहासातला एकमताचा ठराव तेवढाच.

जगभरच्या मोटारसायकल शर्यतींचा महासंघ स्वित्झर्लंडमधल्या मीस नावाच्या गावात बसतो असं मला कळलं, तेव्हापासून जित्याकडे बघण्याची माझी नजर बदलली आहे. तिथेही कोणाचा क्लब नसणार.

रोहेकर बैठकीला मेमूने येतात. हातात हेल्मेट असतं, कारण घरी 'क्लबाचं काम आहे' असं सांगितलेलं असतं आणि रिकाम्या हाताने निघालं तर संशय येतो. मोटरस्पोर्टवाले रेल्वेने येतात याचं परगावच्या लोकांना हसू येतं. हसणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा आठवावा. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला. तेव्हा जन्मलेली पोरं आता बापाकडे गिअरच्या गाडीचा हट्ट धरतात. आमच्या भागातल्या निम्म्या खेळाडूंचा सराव वर्षानुवर्षं याच रस्त्यावर झाला: उडी, वळण, वळणानंतर डायव्हर्शन आणि डायव्हर्शनमधून समोर येणारा ट्रेलर. असा ट्रॅक पैसे मोजूनही कोणी बांधून देणार नाही.

क्लब चार. पेणचा बुलेटवाल्यांचा. ही मंडळी शर्यतीत उतरत नाहीत, शर्यतीला शोभा आणतात. रोह्याचा आरएक्स शंभरवाल्यांचा. ही गाडी बनणं १९९६ साली थांबलं, पण ते वृत्त रोह्यात अजून कोणी मनाला लावून घेतलेलं नाही. नागोठणेकर चिखलात उड्या मारणारे. त्यांच्या गाड्यांना मडगार्ड नसतं आणि त्यांच्या बोलण्यालाही नसतं. हमरापूरची मंडळी चारचाकीतून रॅली करतात आणि त्यामुळे स्वतःला थोडं वरचं समजतात. बुलेटवाला आरएक्सला 'शिलाई मशीन' म्हणतो, आरएक्सवाला बुलेटला 'पिठाची गिरण'. एवढ्या भांडवलावर आम्ही एकी उभी केली आहे.

एकी केली ती का, हेही सांगायला हवं. भाषणात आम्ही 'बंधुभाव' म्हणतो. खरं कारण रुग्णवाहिका. रीतसर स्पर्धा घ्यायची तर देशाच्या महासंघाची, म्हणजे १९७१ पासून चालत आलेल्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची परवानगी लागते; त्यांचं कार्यालय चेन्नईला. चालकाकडे स्पर्धेचं लायसन हवं, विमा हवा, गाडीची तपासणी करणारा जाणकार हवा, पोलिसांचा कागद हवा, जागामालकाची मर्जी हवी. आणि उभ्या दिवसासाठी डॉक्टरसकट रुग्णवाहिका हवी. तिचं बिल एका क्लबाला झेपत नाही. चौघांत वाटलं की बंधुभाव होतो.

खर्च वाटता येतो, पदं वाटता येत नाहीत. समितीला एक अध्यक्ष, चार कार्याध्यक्ष, आठ उपाध्यक्ष आणि सल्लागारांची एक फौज आहे. साधा सभासद म्हणून कोणीच नाही. प्रत्येक जण उभा राहून आधी 'मना काय पदाची हाव नाय' असं म्हणतो, आणि मग आपलं नाव यादीत कुठे आहे ते चष्मा लावून बघतो. पहिलं वादळ फ्लेक्सवरून उठलं. कोणाचं नाव आधी? मी म्हटलं, वर्णक्रमाने घेऊ, म्हणजे तंटा नको: नागोठणे, पेण, रोहा, हमरापूर. हमरापूरकर म्हणाले, शाळेतही आमचा 'ह' हजेरीत शेवटी, इथेही शेवटी, मग आम्ही यायचं कशाला? एकाने गोल फ्लेक्स सुचवला. म्हणजे कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. तो छापूनही आला. पण टांगताना वरचा भाग कोणाचा यावर सकाळ गेली.

अशा वेळी मी समितीला जगाचा इतिहास सांगतो. मोटारसायकल क्लबांचा पहिला आंतरराष्ट्रीय संघ १९०४ च्या डिसेंबरात पॅरिसच्या एका रेस्टॉरंटात जन्मला, तोही एका शर्यतीच्या निकालावरून भांडण झाल्यामुळे. दोनेक वर्षांत तो बसला आणि १९१२ साली पुन्हा उभा राहिला. १९८० साली फॉर्म्युला वनच्या संघांचं आणि मोटार शर्यतींच्या महासंघाचं इतकं फाटलं की हारामा इथली स्पॅनिश ग्रां प्री झाली, ॲलन जोन्स जिंकला, बक्षीस समारंभही झाला, पण शर्यत मोजली गेली नाही. पुढल्या वर्षी पॅरिसला समझोता झाला. महासंघाचं कार्यालय ज्या चौकात होतं त्या कॉन्कॉर्ड चौकाचं नाव त्या कराराला मिळालं. आपल्याकडेही मध्यंतरी देशात दोन संघटना आणि दोघींचा मान्यतेवर दावा, असा काळ येऊन गेला. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ सालची. शंभरी ओलांडून उभी आहे म्हणजे किती बैठका सोसल्या असतील, याचा विचार करा, असंही मी सांगतो. मंडळी शांतपणे ऐकतात. मग नागोठण्याचे अध्यक्ष विचारतात, "त्या पॅरिसच्या हॉटेलाचं बिल कोणी दिलं?" याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही, आणि माझ्या मते इतिहासकारांनी तिकडे लक्ष द्यायला हवं होतं.

दुसरं वादळ तारखेचं. जून ते सप्टेंबर पाऊस. गणपतीच्या आधी हमरापूरला हात लावता येत नाही. हमरापूर, जोहे, कळवे ही सगळी गावं तेव्हा मूर्तींनी भरलेली असतात, आणि आमचा सर्वांत वेगवान नेव्हिगेटर गणपतीचे डोळे रेखाटत बसलेला असतो. मग नवरात्र, मग भातकापणी. शेत रिकामं झालं की ट्रॅकला जागा मिळते, पण तीच जागा टेनिस बॉलच्या क्रिकेटला हवी असते, कबड्डीला हवी असते, आणि लग्नाच्या मांडवालाही. धाटावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या रोहेकरांची शिफ्ट बदलते. हे सगळं चुकवून एक रविवार हाती लागला, तर त्या दिवशी कुठेतरी बैलगाडीच्या शर्यती निघतात, आणि मग आमची पोरंही मोटारसायकलीवर बसून तिकडेच जातात.

बैलगाडीवाल्यांचा मला हेवा वाटतो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, आणि एरवी एकमेकांच्या बैलाला बैल न म्हणणारे सगळे एका मांडवात बसले. संघटना झाल्या, मोर्चे निघाले, वकील गाठले. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर वाट मोकळी झाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. आमच्या ओळखीचे एक काका या सगळ्यात होते. मी त्यांना समितीला मार्गदर्शन करायला बोलावलं. त्यांनी आमचा वाद अर्धा तास ऐकला आणि उठताना म्हणाले, "पोरांनो, तुमच्यावर बंदी यायला पायजे." मी हे इतिवृत्तात 'मान्यवरांनी शुभेच्छा दिल्या' असं नोंदवलं आहे.

शर्यत आणि टीएसडी रॅली या आमच्या दोन स्पर्धांपैकी टीएसडी माझ्या आवडीची. वेळ, वेग, अंतर. यात जोरात जाणारा जिंकत नाही. तुम्हाला एक सरासरी वेग देतात, रस्त्याची वही देतात. वहीत बाणांची छोटी चित्रं असतात आणि वाटेत कुठेतरी, कुठे ते न सांगता, घड्याळ घेऊन माणूस बसवलेला असतो. त्याच्यापुढे तुम्ही नेमक्या सेकंदाला हजर व्हायचं. उशीर झाला तर दंड. लवकर आलात तर बऱ्याच रॅलींत त्याहून जास्त दंड. लवकर येण्याबद्दल शिक्षा होऊ शकते, ही कल्पनाच आमच्या तालुक्याला नवी होती. उद्घाटनाला नेहमी दीड तास उशिरा येणारे आमचे एक पाहुणे नियम ऐकून म्हणाले, म्हणजे मी इतकी वर्षं बिनचूक चाललोय.

टीएसडीत चालक आणि नेव्हिगेटर अशी जोडी लागते. नवरा-बायकोच्या जोड्यांना आम्ही प्रवेश फीत सवलत ठेवली, आणि त्याचे परिणाम समितीला भोगावे लागले. एक जोडपं खारपाड्याच्या पुलाआधी वळायचं ते पूल ओलांडून पनवेलच्या दिशेने निघून गेलं. ती म्हणत होती डावीकडे, तो म्हणत होता वहीत उजवीकडे आहे. वही उलटी धरली होती, पण कोणी, यावर अजून एकमत नाही. संध्याकाळी ती दोघं तिच्या माहेरी जेवून परत आली. सासऱ्यांनी स्पर्धा फार चांगली आहे, दरवर्षी घ्या, असा निरोप पाठवला.

आता मूळ मुद्दा. इतक्या भांडणांतून समिती मोडत कशी नाही? माझं उत्तर मार्शल. शर्यतीत प्रत्येक वळणावर एक माणूस झेंडे घेऊन उभा लागतो. पगार नाही, सावली नाही, धूळ भरपूर. ज्या दिवशी आपल्या क्लबाची शर्यत असते त्या दिवशी आपल्या क्लबातलं प्रत्येक पोर गाडीवर बसलेलं असतं. वळणावर उभं राहायला घरचा माणूस उरतच नाही. म्हणून रोह्याच्या शर्यतीला पेणकर झेंडे धरतात, पेणच्या रॅलीला नागोठणेकर घड्याळ घेऊन बसतात. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड चालते, आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, तसंच हे. सावडीत शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी चालतं, पण जावं लागतं. नाहीतर आपली रोपं खाचरात तशीच राहतात. रोह्याच्या आणि पेणच्या अध्यक्षांमध्ये एक आख्खा हंगाम शब्द नव्हता. तरी दोन्हीकडची पोरं ठरल्या वेळी, ठरल्या वळणावर, उन्हात उभी होती. समिती म्हणून जे काही आहे ते तिथे होतं. बाकी आम्ही फ्लेक्सवर होतो.

मार्शलला झेंडे शिकवणं हे माझं काम. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून जोरात कोणी येतोय, वाट दे. काळा म्हणजे तू बाहेर ये. लाल म्हणजे सगळं थांबवा. लालची पंचाईत अशी की आमच्या जिल्ह्यात लाल बावटा शेतकरी कामगार पक्षाचा. एकदा खरोखर शर्यत थांबवायची वेळ आली आणि वळणावरच्या पोराने जीव खाऊन लाल झेंडा हलवला. गाड्या थांबल्या, पण प्रेक्षकांतले दोन आजोबा उठून उभे राहिले आणि मूठ वळून घोषणा देऊ लागले. मग दुसऱ्या पक्षाच्या माणसाने हरकत घेतली की स्पर्धेत राजकारण आणलं. मी त्याला नियमपुस्तक दाखवलं. त्याने ते चाळलं आणि आमच्या पक्षाचा रंग कोणत्या कामाला ठेवलाय ते विचारलं.

गेल्या हंगामात मार्शल कमी पडले. हमरापूरकरांनी सुचवलं, अध्यक्षांनीच का उभं राहू नये? बैठकीत एकदम सगळ्यांना मेमूची वेळ आठवली. नागोठण्याच्या अध्यक्षांनी तेवढ्यात विचारलं, "फ्लेक्सवर काय लिवणार?" मी म्हटलं, मुख्य मार्शल. शब्द वजनदार होता. चौघेही परत बसले. चौघेही मुख्य मार्शल झाले, चौघांचे फोटो सारख्या मापाचे आले. वळणांवर उभं राहायला मात्र मुख्य माणसं जाणार नाहीत, असं ठरल्यामुळे तिथे पुन्हा पोरंच गेली. मुख्य मार्शल मंडपात माइकशेजारी बसले. प्रश्न उरला तो शेवटी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा कोणी दाखवायचा याचा. मी पेणच्या बाजारातून कापड आणून एकाचे चार झेंडे शिवून घेतले.

शेवटच्या फेरीला चौघेही रेषेवर उभे राहिले आणि चार झेंडे एकदम हलले. पहिला आलेला पोरगा ते बघून बावचळला. त्याला वाटलं काहीतरी भलतंच झालंय. तो थांबलाच नाही, आणखी एक फेरी मारायला गेला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, असे सगळेच गेले. तोवर रोह्याच्या अध्यक्षांनी झेंडा गुंडाळून बगलेत मारला होता, कारण मेमू खरोखरच आली होती. इतिवृत्तात मी लिहिलं, 'स्पर्धेचा समारोप चारही क्लबांच्या हस्ते एकत्रितपणे करण्यात आला.' चौघांनी वाचून सह्या केल्या. सह्यांचा क्रम मी विचारला नाही. कागद गोल कापून नेला होता.