सात डिसेंबरचा उतारा

शिरूर (घोडनदी), जि. पुणे

प्रति,
आदरणीय सर,
प्रमुख, आमचा विहीर-पाणी अभ्यास गट

विषय : गटाचं काम साध्या मजकुराच्या फायलींत नेल्याबद्दल खुलासा.
संदर्भ : आपली तोंडी कारणे दाखवा नोटीस, दौंड स्टेशन, चहाच्या टपरीसमोर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो, की आरोप पूर्णपणे खरा आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या विहिरींची आठ वर्षांची मोजमापं मी एक्सेलमधून काढून साध्या मजकुराच्या, नोटपॅडमध्येही उघडतील अशा फायलींत टाकली. बेरजा आणि आलेख 'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेत लिहिले, अहवाल लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत घातला आणि या सगळ्यावर गिट नावाचा पहारेकरी बसवला. कोणी, कधी, काय बदललं, याची तो नोंद ठेवतो. परवानगी मागायला मी आलो होतो. आपण 'बघू' म्हणालात. आठ वर्षं आपल्या हाताखाली काढूनही या शब्दाचा अर्थ मला लागलेला नाही, म्हणून मी तो होकार समजलो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक सातबाऱ्याची. आपल्या मूळ शीटमध्ये एका रकान्याचं नाव 'सातबारा' ठेवायचं होतं. टाइप करणाऱ्या पोराने कंटाळून ७/१२ लिहिलं आणि एंटर दाबलं. एक्सेल हुशार. त्याने त्याचा ७ डिसेंबर केला. ज्या संगणकाचं सेटिंग अमेरिकी होतं, तिथे १२ जुलै झाला. त्यामुळे आपल्या एका अहवालात जमिनीचा उतारा हिवाळ्यात निघतो आणि दुसऱ्यात भर पावसाळ्यात. शेजारच्या रकान्यात गट नंबर होते. ५/२ वाले ५ फेब्रुवारीला गेले, १२/३ वाले १२ मार्चला. २१४/२ वाला तेवढा वाचला, कारण २१४ तारीख कुठल्याच महिन्यात येत नाही. मी घाबरून सगळा रकाना 'मजकूर' करून पाहिला, तर सातबाऱ्याच्या जागी ४३८०६ हा आकडा उगवला. १९०० सालापासून मोजलेले दिवस, असं नंतर कळलं. तलाठ्यालाही इतका जुना हिशेब कधी लागला नसेल.

यावर आपण म्हणालात, "एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी सॉफ्टवेअर बदलतं का?" बरोबर आहे. सॉफ्टवेअर बदलू नये, नावं बदलावीत. तसा दाखलाही आहे. 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा नावांच्या मानवी जनुकांच्या एक्सेल वर्षानुवर्षं तारखा करत होतं. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हार मानून त्यांची नावं 'मार्चएफ-१' आणि 'सेप्टिन-१' अशी केली. माणसाची जनुकं जर एका कोष्टकापुढे वाकली, तर महसूल खात्याने सातबाऱ्याचं नाव बदलायला काय हरकत आहे? तसा विनंतीअर्ज मी तयार केला आहे. आपली सही तेवढी हवी.

ही नवी साधनं फुकट मिळतात आणि 'फुकटच्या वस्तूला किंमत नसते', हा आपला पुढचा आक्षेप. नम्रपणे निदर्शनास आणतो, की आपण गेली कित्येक वर्षं वापरत असलेलं महागडं सांख्यिकीचं पॅकेज पेनड्राइव्हवरून आलेलं आहे आणि ते सुरू करताना आधी अँटिव्हायरस झोपवावा लागतो. म्हणजे फुकट आपल्यालाही चालतं. फक्त ते चोरीचं असावं, एवढीच अट दिसते.

फॉन्टचा विषय मी काढणार नव्हतो, पण आपणच आपल्या १९९८ च्या प्रबंधाचा दाखला दिलात. तो प्रबंध मी उघडला. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी दिसायची मराठी, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि खुणा. फॉन्ट गेला आणि मराठीही गेली. आज पहिल्याच पानावर उद्गारचिन्हं, कंस आणि डॉलर यांची जत्रा भरली आहे. ऋणनिर्देशात आपण कोणाचे आभार मानलेत, ते आता डॉलरलाच ठाऊक. दौंड तालुक्यातच, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायकांनी खिळे जुळवून पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या. ते पुस्तक आज कोणीही हातात धरून वाचू शकतं, कुठलंही पॅकेज न लावता. आपला प्रबंध त्यापेक्षा पाऊणशे वर्षांनी तरुण आहे.

'हे सगळं परदेशी खूळ आहे', असंही आपण म्हणालात. सर, हे खूळ आपल्याच तालुक्यातलं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस निघाला, बिनडोक्याची देवी निघाली. आपण विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाता, रांजणाची गोष्ट रंगवून सांगता आणि मिसळ खाऊन परत येता. पण त्या कामातली मला सगळ्यात जास्त पटणारी गोष्ट रांजणात नाही. उत्खनन परत करता येत नाही. एकदा थर उचलला की तो गेला, मग उरते ती फक्त नोंद. म्हणून कुठलं खापर कुठल्या चौकोनात, कुठल्या थरात, किती खोलीवर सापडलं, हे लिहावंच लागतं, तेही असं की लिहिणाऱ्याला विचारायला जायची गरज पडू नये. १९८८ साली जाडजूड अहवाल छापून आला. शेवटच्या काळात चौकोनी मोठी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, याचा संबंध ढवळीकरांनी कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावला. हे कोणाला पटेल, कोणाला नाही. पण ज्याला त्यांच्याशी भांडायचं आहे, त्याला भांडणाचं सामान त्यांनीच छापून ठेवलं आहे.

आपल्या विहिरींचंही तसंच आहे. मागच्या मे महिन्यातलं पाणी या मे महिन्यात मोजता येत नाही. आणि आपली नोंद कशी आहे? जुन्या विहिरींची खोली शेतकरी 'परस' या मापात सांगतात. हा परस साडेपाच फुटी की सहा फुटी, हे सांगणाऱ्याच्या उंचीवर ठरतं. कुठल्या गावचा परस किती फुटांचा धरला, हे आपण त्या त्या वेळी डोक्यात धरलं, मीटर काढले आणि सूत्र पुसून नुसता आकडा ठेवला. परीक्षकाने विचारलं, आकडा कुठून आला? आपण म्हणालात, "माझ्या लक्षात आहे." सर, आपल्या स्मरणशक्तीवर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त ती पेनड्राइव्हवर घेता येत नाही.

तरी आपली खरी अडचण मला समजते. २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि वाढीच्या दराबद्दल एक निबंध लिहिला. तो जगभर गाजला. २०१३ साली थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागितली. त्यांनी भलेपणाने दिली आणि त्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. म्हणजे चूक शीट देण्यात झाली. न देते तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. आपला प्रकल्प तर सव्वा लाखाहून बऱ्याच मोठ्या रकमेचा आहे. साधी मजकुराची फाइल म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कुणीही येतो, कुठल्याही मोबाइलवर उघडतो आणि विचारतो, हा आकडा कसा?

नव्या पद्धतीत सगळं गोडीगुलाबीने चाललंय, असंही नाही. लाटेकने पहिल्या आठवड्यात मला रडवलं. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत मराठी जोडाक्षरं फुटतात ती अजून फुटतातच. विद्यापीठाला वर्डची फाइल लागते, ती शेवटी काढून द्यावीच लागते. आणि एका शहाण्याने आपली नवी साधी फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, काही न बदलता सेव्ह केली, आणि सातबारा पुन्हा सात डिसेंबरला गेला. घोडनदीत घोडं न्हायलं म्हणता म्हणता पुन्हा चिखलात. फरक एवढाच, की या वेळी ते त्याच संध्याकाळी कळलं. गिटने बदललेल्या ओळी लाल-हिरव्या करून दाखवल्या आणि मी एका आज्ञेत सकाळची फाइल परत आणली. मागच्या वेळी हेच कळायला तीन वर्षं आणि एक परीक्षक लागला होता.

'खेड्यातल्या पोरांना हे झेपणार नाही', हा आपला शेवटचा मुद्दा. आपल्याच तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली पोरं तिथे वेल्डिंग, बांधकाम, इलेक्ट्रॉनिक्स हाताने करत करत शिकली. एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवायच्या कार्यशाळा, निघाल्या, त्यांतली एक २००२ मध्ये तिथेच आली. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. आपल्या गटातली केडगावकडची मुलगी ते ऐकून गुऱ्हाळाच्या धुरात बसून 'आर' शिकली आणि आता मला शिकवते. झेपत नाहीये ते मला आणि आपल्याला. आपलं वय झालंय.

तरी वरील खुलासा मान्य व्हावा आणि मला पूर्ववत एक्सेलमध्ये रुजू करून घ्यायचं असल्यास तसा लेखी आदेश मिळावा. आदेश साध्या मजकुरात दिला तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
प्रकल्प सहायक

सोबत : विहिरींची फाइल, सर्व बदलांच्या नोंदींसह.

ता. क. : पत्र टाकायला निघालो तोच पाहिलं, की काल रात्री अकरा चाळीसला आपल्या नावाने गिटमध्ये पहिली नोंद पडली आहे. अभिनंदन. भीमाकाठच्या एका विहिरीची खोली आपण ७ ची १२.८ केली आहे. बदलाचं कारण लिहायच्या जागी आपण 'बघू' असं लिहिलं आहे. परसाचे मीटर केलेत, असा माझा अंदाज आहे. परस सहा फुटी धरला का, तेवढं कळवावं.